साहेबांना जोडून द्या

“आक्का, दोन्ही डबे भरलेत. कोरड्यास झाकून ठेवलंय,” कुसुम म्हणाली. तिनं मनगटावर घड्याळ चढवलं, पर्स उचलली आणि भोसरीची बस गाठायला ती चाळीबाहेर पडली.

कस्तुरा चुलीपुढं बसून तिच्या पाठीकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा कुठं तिला भान आलं.

कुसुम तिची धाकटी जाऊ. पिंपरीतल्या त्या दोन खोल्यांत दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि सासू भिमाबाई राहायची. भाऊ कारखान्यात शिफ्टला जायचे. कुसुम मॅट्रिक झालेली, म्हणून एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर लागली होती. बाहेरून आलेला फोन ज्याचा त्याला जोडून द्यायचा. खुर्चीत बसून, पंख्याखाली.

तसं बघितलं तर पहाटे नळावर पहिली घागर कुसुमचीच असायची. संध्याकाळी आली की पदर खोचून ती भांड्यांना बसायची. पण कस्तुराच्या डोळ्यांत सलायची ती पर्स.

“कुसुमच्या कंपनीतला एकजण भेटला आज,” एकदा जेवताना दौलत, कस्तुराचा नवरा, म्हणाला. “फोनवर लई गोड बोलती म्हणं. साहेब लोकसुद्धा नाव काढत्यात.”

“मग मी काय कडू बोलते व्हय?” कस्तुरानं भाकरी त्याच्या ताटात आदळली.

त्यात कुसुमनं अलीकडं नवीनच खोड काढली होती. संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणायची, “आक्का, तेवढा पेपर वाचा ना मोठ्यानं.” कस्तुरा वाचायला लागली की मध्येच थांबवायची. “‘न्हाई’ नको, ‘नाही’ म्हणा. जरा सावकाश. आता पुन्हा.” एके दिवशी तर सगळ्यांदेखत तिनं विचारलं, “आक्का, तुम्ही नववी पास आहात ना?”

मॅट्रिक झाले नाही हेच चारचौघांत काढायचं होतं हिला, कस्तुराच्या मनात आलं. त्या रात्री ती जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिच्या कानावर पडलं ते निराळंच. नळावर कुसुम नवऱ्याशी हळू आवाजात बोलत होती आणि कस्तुरा भिंतीआड उभी होती.

“घरात इतक्यात कुणाला बोलू नका हं. साहेबांनी हो म्हटलं की मगच सांगू.”

“आणि वहिनी?” किसननं विचारलं.

“आक्कांना तर मुळीच नको.”

कस्तुराच्या हातातली कळशी जड झाली. क्वार्टर! कंपनीची क्वार्टर मिळवून ही वेगळी निघणार. आपण मात्र या काळ्या भिंतींत सासूचे पाय चेपत, धुणी धूत जन्म काढायचा. हिच्या चार भिंतींना पांढरा चुना, आणि तिथं हिला टोकायला कुणी नाही.

दुपारी भिमाबाईचा डोळा लागला तशी ती उठली. पिंपरी कँपातल्या सिंधी कापडवाल्याच्या दुकानात फोन होता. कंपनीचा नंबर तिला पाठ होता. अडीअडचणीला असावा म्हणून कुसुमनंच तो तिच्याकडून घोकून घेतला होता. दुकानदारानं डायल फिरवून रिसीव्हर तिच्या हातात दिला.

पलीकडून आवाज आला. “नमस्कार. कोण हवंय आपल्याला?”

कुसुमच होती. तक्रार कुसुमचीच, आणि फोन घेणार कुसुमच, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रिसीव्हर ठेवून द्यावा असं तिला वाटलं. पण तो आवाज! इतका मऊ, इतका अदबीचा. घरात कधी तो असा ऐकला होता? मत्सरानं तिला पुन्हा बळ आलं. तिनं पदर तोंडाशी धरला, आवाज बारीक केला.

“मोठ्या साहेबांना जोडून द्या. महत्त्वाचं काम आहे.”

“देते हं,” कुसुम म्हणाली. “एक मिनिट थांबा. घाबरू नका, सावकाश बोला.”

मग खटका वाजला, थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि एक पुरुषी आवाज आला. “हं, बोला बाई.”

कस्तुरा बोलली. शब्द जुळवून, नीट बोलली. तुमची टेलिफोनवरची बाई परपुरुषांशी हसतखिदळत बसते. कंपनीचे फोन खोळंबतात. चाळीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. असल्या बाईला ठेवाल तर तुमच्याच कंपनीचं नाव जाईल.

साहेबांनी शेवटी विचारलं, “आपण कोण?”

“मी... विमलबाई. त्यांच्या शेजारी राहते.”

“शेजारी,” साहेब म्हणाले. “ठीक आहे. तुम्ही स्वतःच बोललात, हे बरं झालं.”

फोन बंद झाला. घरी येताना कस्तुराला किती दिवसांनी हलकं वाटत होतं. तिनं कुसुमच्या वाटणीचीही भांडी घासून टाकली.

संध्याकाळी कुसुम जवळजवळ धावतच आली. पर्स तिनं कॉटवर फेकली आणि कस्तुराचे ओले हात आपल्या हातांत घट्ट धरले.

“आक्का! ह्यांनीच सांगितलं ना तुम्हाला? दम म्हणून निघत नाही ह्यांना. मी आवाज लगेच ओळखला तुमचा, पण किती शुद्ध बोललात! लाईन देण्याआधी मी साहेबांना सांगूनच टाकलं, ‘साहेब, ह्याच माझ्या थोरल्या जाऊबाई. दुसऱ्या ऑपरेटरच्या जागेसाठी ज्यांचं नाव मी दिलंय ना, आणि ज्यांचा आवाज तुम्हाला फोनवर ऐकायचा होता, त्या ह्याच.’ मग? काय म्हणाले साहेब?”