हिरव्या माश्या

स्वयंपाकघरातल्या माश्या त्याने उंबऱ्यातूनच ओळखल्या. ओट्यावरच्या केळ्यांभोवती तांबूस डोळ्यांची चिलटं घिरट्या घालत होती. पाठीवरचा फवारणीचा पंप खाली ठेवत तो म्हणाला, "ही फळांवरची. पिकलेलं उघडं ठेवू नका, ओला कचरा रोजच्या रोज बाहेर काढा. आठवड्यात जातील. याला औषध लागत नाही."

घरातली बाई पन्नाशीची असेल. एक हात कमरेवर दाबून ती उभी होती. "खालच्यांनी तक्रार केलीये हो. तुमच्याकडूनच येतात म्हणे. काय ते औषध मारून टाका एकदाचं."

"मारतो की. लोक रिकामे बसले की माश्या मारतात, माझं पोटच त्यावर आहे."

हा विनोद तो घरोघरी करायचा आणि घरोघरी कुणीतरी हसायचं. ही हसली नाही.

न्हाणीघराच्या भिंतीवर करड्या, केसाळ पंखांच्या माश्या बारक्या पतंगांसारख्या चिकटून बसल्या होत्या. त्याने मोरीची जाळी उचलली आणि आतला काळा गाळ तिला दाखवला. "या इथं जन्मतात. ब्रशनं घासायचं आणि वरून कढत पाणी ओतायचं."

"वाकता येत नाही मला."

मग त्यानेच ब्रश घेऊन मोरी घासून दिली. एवढं तो कुणाकडेही करायचा.

हात धुऊन बाहेर आला तेव्हा मागच्या खोलीच्या बंद दारावर त्याला एक माशी दिसली. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, चकचकीत. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली.

"आत कोण असतं?"

"आई. झोपून असते. तिथं फवारू नका, तिला दम लागतो."

"फवारत नाही. बघतो फक्त. उंदीरबिंदीर मेला असेल एखादा."

खरं तर उंदीरच असावा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"मी रोज फरशी पुसते," ती घाईघाईने म्हणाली. "दांडीच्या पोछ्यानं, फिनेल घालून."

खोली खरोखरच लख्ख होती. औषधाच्या बाटल्या ओळीने लावलेल्या, चादरीला एक सुरकुती नाही, म्हातारीचे केस नीट विंचरून बांधलेले. खिडकीला जाळी नव्हती. काचेवर दहा-बारा हिरव्या माश्या धडका देत होत्या. फिनेलच्या वासाखाली आणखी एक वास होता. त्याने कपाटामागे बॅटरी मारली, पलंगाखाली मारली. काही नव्हतं. तो उठून उभा राहिला, तेवढ्यात एक माशी चादरीवर उतरली, काठाकाठाने चालत गेली आणि आत शिरली.

"कोण आलंय गं?" म्हातारीने डोळे न उघडताच विचारलं.

"माश्यांचं औषध मारणारे आलेत, आई."

"मग बसायला दे की त्यांना."

तो बसला नाही. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "ताई, यांना कुशीवर कधी वळवलंत?"

ती आधीच सरळ असलेली चादर सरळ करत राहिली. "बाथरूममध्ये पडले मी. बारा-तेरा दिवस झाले, तेव्हापासून कंबर धरलीये. भाऊ येणार होता रविवारी. मग म्हणाला, पुढच्या रविवारी. एकटीनं हलत नाही हो ती."

त्याने खांद्याला धरलं, तिने कमरेला. दोघांनी मिळून म्हातारीला वळवलं. म्हातारीच्या तोंडून बारीक, पातळ आवाज निघाला. पाठीच्या खाली, माकडहाडाशी तळहाताएवढी जखम होती. ती जखम हलत होती.

लेकीने बघितलं. तिने तोंड फिरवलं नाही.

"मी रोज पुसत होते," ती म्हणाली. "हात पोचेल तेवढं. पुढून."

"हो."

"रोज पुसत होते."

"याला माझ्याकडं औषध नाही, ताई. दवाखान्यात न्या. आजच्या आज."

"तिथूनच तर आणलीये. वय झालंय, घरीच सांभाळा म्हणाले. दर दोन तासांनी कूस बदला म्हणून कागदावर लिहून दिलंय."

"तरी न्या. गाडी बोलवा, यात अळ्या पडल्यात."

"बोलावते," ती म्हणाली. कचरा झाकून ठेवू म्हणून लोक त्याला ज्या सुरात सांगायचे, त्याच सुरात.

त्याने म्हातारीच्या पाठीला उशी लावून दिली, माश्या हाकलल्या, खिडकी घट्ट ओढून घेतली. म्हातारीचा चेहरा आता भिंतीकडे होता. "बरं वाटलं," ती भिंतीला म्हणाली. आणखी काय करावं हे न सुचून त्याने पंप पाठीवर चढवला. पंप भरलेलाच होता.

ती दारापर्यंत सोडायला आली.

"दादा, उद्या याल का? फवारायला नाही. एवढं आईला वळवायला."

त्याचं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर होतं. रोज संध्याकाळी तो याच गल्लीतून परत जायचा. त्याने पट्टा खांद्यावर नीट केला.

"आमची फेरी तीन महिन्यांनी असते, ताई."

तिने मान हलवली. पंप चौकटीला लागू नये म्हणून दार पुरतं उघडून धरलं आणि तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरेपर्यंत तशीच उभी राहिली.

"तेव्हा माश्या नसतील," ती म्हणाली.