हरण्याचा अभ्यास

"झेब्रा," साहेब म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

"पिझ्झा," कॅशियर म्हणाला.

"प्राइझ," टपाल बघणाऱ्या बाई म्हणाल्या.

विम्याच्या त्या ऑफिसात दुपारच्या चहाबरोबर बिस्किटं नसली तरी चालत, पण खेळ चुकत नसे. साहेबांनी एक इंग्रजी अक्षर द्यायचं; आज 'झेड' होतं. ते अक्षर असलेला पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द प्रत्येकाने पाळीपाळीने सांगायचा. अडला तो बाद. शेवटी उरायचं ते साहेबांनी. हा शेवटचा नियम कुणी कधी बोलून दाखवला नव्हता, पण सगळ्यात कडक तोच होता. साहेबांनी मघाचाच शब्द पुन्हा सांगितला तर सगळ्यांनी विसराळू व्हायचं, हेही त्यातच आलं.

या खेळात हेडक्लार्कांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणजे हरण्यात. बाकीचे लोक हरायचंच आहे म्हणून दुसऱ्या फेरीत मान टाकत, आणि साहेबांचा चहा बेचव होई. हेडक्लार्क मात्र घरी जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन बसत. साहेबांना कोणत्या अक्षराचे किती शब्द येतात, याचा त्यांना पक्का अंदाज होता. त्यांच्या एकच पाऊल मागे राहायचं, कपाळाला आठ्या घालायच्या, ओठांवर आलेला शब्द गिळायचा आणि "संपलं, साहेब" म्हणायचं.

"लोक जिंकायला पाठांतर करतात, तुम्ही हरायला करता," बायको म्हणे.

"तुला नाही कळायचं. यालाही अक्कल लागते."

अक्कल खर्च करायला कारणही तसंच होतं. मुख्य कार्यालयात साहाय्यक व्यवस्थापकाची जागा निघाली होती आणि शाखेतून एक नाव साहेब पाठवणार होते. हेडक्लार्कांचे केस एकाच खुर्चीत पिकले होते. ही संधी हुकली, की त्याच खुर्चीतून निवृत्त व्हायचं हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. बायकोने तर तिकडची कर्मचाऱ्यांची वसाहत बाहेरून पाहूनही ठेवली होती. खिडक्यांना पडदे कुठले, इथवर तिची मजल गेली होती.

वाटेत काटा एकच. क्लेम तपासणारी नवी मुलगी. कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. हेडक्लार्कांनी मोठ्या मनाने, म्हणजे सगळ्यांच्या देखत, तिला समजावलं होतं, "बाळ, इथे शब्द येऊन भागत नाही. कुठे थांबायचं ते यावं लागतं." त्यावर ती नुसती हसली होती.

आता खेळात तिघंच टिकून होते.

"डझन," साहेब म्हणाले.

"वॉल्ट्झ," मुलगी म्हणाली.

हेडक्लार्कांच्या जिभेवर शब्दांची रांग लागली होती. त्यांनी रुमालाने कपाळ टिपलं, छताकडे पाहिलं, एकदा ओठ हलवले. "संपलं, साहेब."

साहेब खूश झाले. त्या खुशीत म्हणाले, "डझन."

सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं.

"डझन मघाशी झाला, साहेब," मुलगी म्हणाली.

साहेबांनी घसा खाकरला. टेबलावर बोटं वाजवली. पंख्याची घरघर एवढी मोठी आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदाच सर्वांच्या लक्षात आलं.

"टोपाझ," मुलगी म्हणाली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. साहेब आपला कप तसाच ठेवून केबिनमध्ये निघून गेले.

हेडक्लार्कांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा मात्र त्यांनी सुतकी ठेवला. "हे काय करून बसलीस, बाळ?"

"खेळले ना, काका. खेळच होता ना?"

पोरीने आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्यांनी घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं. तिला काही ते पटलं नाही.

"पण हरणाऱ्याला कुणी वर नेतं का हो?"

"वर नेतात ते मर्जीतल्या माणसाला," हेडक्लार्क म्हणाले आणि आणखी एक पोळी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून ऑफिसात आले. साहेबांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. ते अगदी मोकळेपणाने बोलत होते.

"नाव पाठवलं. त्या मुलीचं."

आपण काहीतरी चुकीचं ऐकलं, असं हेडक्लार्कांना वाटलं. "पण साहेब, काल तर तिने सगळ्यांसमोर तुम्हाला..."

"म्हणून तर पाठवली. इथे राहिली तर रोज दुपारी माझी अब्रू काढेल. आता वरच्यांचं डोकं खाऊ दे."

आयुष्यभर शब्द गिळून मिळवलेली मर्जी हेडक्लार्कांनी शेवटी पणाला लावली. "आणि मी, साहेब? इतकी वर्षं मी तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही. माझ्या नावाचा विचारच नाही केलात?"

"तुमचा?" साहेबांना खरोखरच नवल वाटलं. त्यांनी टेबलावरून पुढे वाकून हेडक्लार्कांच्या हातावर मायेने थोपटलं. "अहो, तुम्हाला कसा सोडेन मी? डोक्यात अख्खा शब्दकोश आणि हरणं इतकं बेमालूम, असा माणूस मला दुसरा कुठे मिळणार? चला, आज चहाला 'क्यू' घेऊ. आणि जरा चुरशीने हरा."