चाललं एकदाचं!

छापखान्यातला कॉम्प्युटर इतका जुना, की प्रोग्रामिंगचं कुठलंही टूल टाकायला जावं तर 'तुमची सिस्टीम जुनी आहे' म्हणून ते हात वर करायचं. "सर, नवीन घ्या हो," असं मालकांना सांगून सांगून प्रोग्रामरबाईंचं तोंड दुखलं.

आज मात्र त्या इरेला पेटल्या. टूलची एक जुनीपुराणी आवृत्ती कुठूनशी हुडकून काढली आणि दिवसभर झटापट करून त्या म्हाताऱ्याच्या गळी उतरवलीच. पडद्यावर प्रोग्राम धावला, तशा त्या आनंदाने ओरडल्या, "सर, बघा! चाललं!"

मालकांनी कौतुकाने पाहिलं. मग नव्या कॉम्प्युटरचा खोका घेऊन नुकत्याच दारात आलेल्या माणसाकडे वळून ते म्हणाले,



"न्या हो परत. आमच्या बाईंनी जुन्यालाच तरुण केलंय!"