कान लावल्याशिवाय

"खराब तुकडा खुशाल कापा, पण जठराखालचा व्हॉल्व्ह हलवू नका. दुरुस्तीनंतर लाइन पहिल्यासारखी वाहिली पाहिजे," प्लंबरनं आपल्या अल्सरच्या ऑपरेशनआधी सर्जनबाईंना बजावलं होतं. चौथ्या दिवशी दोन घोट पाणी पाजून बाईंनी स्टेथोस्कोप लावला. "व्हॉल्व्ह शाबूत, पोटही बोलायला लागलंय!" पण बाईंच्या कानातल्या त्या नळीवर त्याचा भरवसा बसेना. पाइपाला कान लावल्याशिवाय काम झालं असं तो जन्मात म्हणाला नव्हता, आणि स्वतःच्या पोटाला स्वतःचा कान पोचेना. शेवटी, 'भिंतींना कान लावून बसता' असे तीस वर्षं टोमणे मारणारी बायकोच त्याचे टाके सांभाळत पोटाशी वाकली. दोन वर्षं घासागणिक कळवळणारं ते पोट गुडगुडलं. "गळतंय?" त्यानं धास्तावून विचारलं. "नाही." "तुंबलंय?" "नाही हो!" "मग डोकं उचल की!" "गप्प बसा," डोळे मिटून ती म्हणाली, "झकास वाहतंय. जरा ऐकू द्या."