हलकं स्टिअरिंग

तिने सोडलेला नवरा तिच्या स्पेअरपार्टच्या दुकानात आला, तेव्हा तिने त्याला आधी चांगलं ताटकळत ठेवलं. त्याच्या जुन्या पिकअपचा, चाकं वळवणारा स्टिअरिंग रॅक गेला होता. त्याच गाडीतून ती एकदा घर सोडून निघाली होती, पण ते जड स्टिअरिंग तिच्याच्याने फाटकातसुद्धा वळलं नव्हतं. तेव्हा तो शेजाऱ्यांना बोलावून बोलावून हसला होता. ते हसणं ती विसरली नव्हती.

"भंगारातला दे एखादा," तो म्हणाला. "जड असला तरी चालेल, मी एकटाच तर चालवतो."

"जड कशाला? हा नवा न्या, एका बोटाने वळेल. जुन्याच्याच भावात लावते."

"अजून जीव आहे म्हणायचा माझ्यावर."

"तर काय," म्हणत तिने कोरा रॅक फडक्याने पुसून त्याच्यापुढे ठेवला.

तो गेल्यावर तिने त्याच्या दुसऱ्या बायकोला फोन लावला.



"नवा रॅक संध्याकाळपर्यंत बसेल गं. उद्या दुपारी तो घोरायला लागला की किल्ली घे आणि नीघ, माझ्यासारखी फाटकात अडकणार नाहीस."