खिडकीवरची हाक

"आधी नाव विचारायचं, मग दुखणं. नाव विचारलं की बाई मोकळी होती."

महिला मंडळाच्या उमादेवीताईंचं हे सांगणं भूकंपाच्या वर्षीचं, पत्र्याच्या शेडमधलं. तेव्हापासून गुरम्मा मंडळासाठी घरोघर फिरत होती. औंदा विचारायचं होतं, मुसलमान वस्तीतल्या बाया दुखणं अंगावर का काढतात. सरकारी दवाखाना तर लातुरात, पाच मिनिटांवर.

वस्तीतल्या एका बाईनं नाव विचारताच दार लोटून घेतलं होतं. तिसऱ्या खेपेला तिनंच आत बोलावलं आणि गुरम्माचा हात धरून छातीतल्या गाठीवर ठेवला. मग बाकीचं सांगितलं. ती फरीदा. पण क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये ती सुमन, कपाळाला टिकली लावून भाकऱ्या थापणारी. खरं नाव कळलं तर मेस ओस पडेल, असं मालकिणीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आता दोघी दवाखान्याच्या बाकावर होत्या. आधार कार्ड खऱ्या नावाचं, म्हणून खिडकीवर तेच हळूच सांगावं लागलं होतं. केसपेपर तयार झाला की नाव मोठ्यानं पुकारणार होते. पुढं डॉक्टरांकडं दाराआड, तिथं कुणी ऐकणारं नव्हतं.

तेवढ्यात मालकिणीची जाऊ, मेसमध्ये पोरांना वाढणारी, समोरच्या बाकावर येऊन टेकली. सुमनबाईला हसून म्हणाली, बरं न्हाई म्हणून उद्या भाकऱ्या कच्च्या ठेवू नको बाई, पोरं मला नावं ठेवतात.

ती औषधाच्या चिठ्ठीत डोकं घालून बसली, तशी फरीदा उठली.

"चला मावशी," ती पुटपुटली. "गाठ कुणाला दिसत न्हाई. नाव समद्यांला ऐकू जातंय."

गुरम्मानं तिचा हात ओढून तिला खाली बसवलं.

"बस. तुझ्या नावाचं मी बघते."

बोलून तर गेली. पहाटे लिंगपूजा, मगच पाण्याचा घोट, आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. सकाळपासून फिरून गुडघे भरून आले होते. ती खिडकीकडं कान लावून बसली.

"फरीदा शेख."

बाकावर कुणी हललं नाही. समोरच्या बाईनं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं.

"फरीदा शेख कोण हाय?"

गुरम्मानं मनातल्या मनात शिवाला हात जोडले. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आणि कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे तसेच घेऊन, हाक आपल्यालाच असल्यागत, सावकाश खिडकीकडं चालू लागली.