खालून पोखरलेला देखावा

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरून परतलेल्या तनुजाला पुनावळ्याच्या मंडळाने यंदाचा गणपतीचा देखावा करायला सांगितला होता. तिने काचेच्या हौदात कोमट खारं पाणी भरलं आणि बर्फाच्या कारखान्यातून आणलेली लादी त्यावर अशी तरंगवली, की तिचं एक टोक दगडावर टेकलेलं राहील. तिकडचा बर्फही असाच किनाऱ्याला धरून समुद्रावर पसरतो आणि पाणी त्याला खालून खातं, हे तिला लोकांना दाखवायचं होतं. लोक यायचे, वरून बघायचे आणि पुढे जायचे. “आवो ताई, बरफ हाय तसाच हाय,” मंडळाचे अध्यक्ष रोहिदासभाऊ वैतागले. “वर एक मोठा दिवा लावू, सूर्य म्हणून. वितळताना तरी दिसंल.” “भाऊ, हा बर्फ उन्हानं नाही, खालच्या पाण्यानं वितळतोय. जरा वाकून बघा ना!” “एवढ्या गर्दीत वाकतंय कोण?” तनुजाला रडू यायचं बाकी राहिलं. तिने स्वतःच गुडघे टेकून काचेतून पाहिलं. लादी खालून पार पोखरली होती. ती उठते न उठते तोच काडकन आवाज झाला, लादी मधोमध दुभंगली आणि पाणी उसळून पुढच्या लोकांच्या अंगावर आलं. मांडवातले सगळे हौदाकडे वळले. आता तरी कुणी ‘असं का झालं’ म्हणून विचारेल, असं तिला वाटलं. रोहिदासभाऊ धावत आले. त्यांचे डोळे चमकत होते. “ताई, एकच नंबर! उद्या हे बराबर आरतीला जमवा.”